माझ्या जागेवर बसलेला आतला

मी बोलतोय तो फळीवरून. खाली टेबल आहे, टेबलावर नवा काळा कॉम्प्युटर आहे, आणि त्याच्या डोक्यावर हातभर उंच, ग्रीसच्या डब्यांच्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या मधे, प्लास्टिकची पिशवी पांघरून बसलेला जो राखाडी डबा दिसतो, तो मी. एके काळी ते टेबल माझं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याला आंबट वास आला तर तुम्हाला कारण शोधत बसायला नको.

आमचा गाळा, म्हणजे छोटासा कारखाना, तळवड्याचा. मालक मालोजीराव, चऱ्होलीच्या जुन्या शेतकरी घरातले. गावात इमारती उठल्या, शेत गेलं, आणि शेताच्या जागी त्यांच्या आयुष्यात वायरकट मशीन आली. केसाएवढ्या बारीक तारेत वीज सोडायची आणि कडक पोलादाची प्लेट खरवसाच्या वडीसारखी कापायची, असं तिचं काम. पण तारेला कुठे वळायचं आणि कुठे थांबायचं, हे कळत नाही. ते सांगायला कॉम्प्युटर लागतो. चौदा वर्षं ते मी सांगितलं.

माझा जन्म चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, एकाने डबा आणला, दुसऱ्याने आतल्या पाट्या बसवल्या, तिसऱ्याने स्क्रू पिळले, आणि संध्याकाळी मालोजीराव मला मांडीवर घेऊन रिक्षातून गाळ्यात आले. दारात सुभद्राबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, ताट घेऊन उभ्या. त्यांनी मला ओवाळलं आणि कुंकू लावताना चिमूटभर माझ्या सीडीच्या खणात सांडलं. त्यानंतर कितीतरी दिवस खण उघडला की सीडी गुलाबी होऊन बाहेर यायची. मालोजीरावांनी पडद्यावर त्यांच्या शर्यतीच्या बैलजोडीचा फोटो लावला. असा थाट होता माझा.

पुढे तनुजा आली. थेरगावची पोरगी, डिप्लोमा नुकताच झालेला, पहिलीच नोकरी. पहिले आठ दिवस ती माझ्याशी बिचकून वागली. मग रुळली. माझ्या पाठीमागून गरम हवा यायची, तिथे ती जेवणाचा डबा ठेवायची. दुपारपर्यंत भाजी कोमट राहायची. "काका, आपला कॉम्प्युटर शेगडीचं पण काम करतो," असं ती हसून मालोजीरावांना सांगायची. आपला, असं म्हणायची. मी तसा दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा नाही, पण समोर बसून कोणी फोनवर बोलत असेल तर कान थोडेच बंद करता येतात? तिच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन, समोरच्या बिल्डिंगमधलं पाण्याचं भांडण, बघायला आलेला तो मुलगा जो सगळा वेळ मोबाईलच बघत बसला, सगळं मला ठाऊक. तिने त्या मुलाला नकार दिला तेव्हा माझा पंखासुद्धा जरा हलका फिरला.

मग माझं वय झालं. चालू व्हायला वेळ लागायचा. मधेच थबकायचो. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी तनुजाच म्हणाली, "काका, आता नवीन घ्या. हा कधी दगा देईल सांगता येत नाही."

तनुजाच म्हणाली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी इतकं मनाला लावून घेतलं नसतं.

तर काळा आला. दिसायला देखणा, आवाज नाही, अंग थंडगार. पण गंमत अशी झाली की ज्या जुन्या प्रोग्राममध्ये आम्ही तारेचा रस्ता आखायचो, तो काळ्यावर चालेना. त्याला म्हणे माझ्यासारखाच जुना कॉम्प्युटर लागतो. मला वाटलं, जिंकलो! आता ह्या काळ्याला परत पाठवतील.

तेव्हा धम्मरत्न आला. रहाटणीचा, चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो, तनुजाच्या ओळखीचा. त्याने माझ्या शेजारी काळ्याला ठेवलं, मधे एक वायर जोडली, आणि दिवसभर माझ्यातलं सगळं, प्रोग्राम, ड्रॉइंगं, बैलजोडी, अगदी तनुजाने कधीतरी उतरवून घेतलेली मेंदीची डिझाइनंसुद्धा, जसंच्या तसं काळ्यात उतरवलं.

"काका, ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात," तो म्हणाला. "कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा डबा नाही, पंखा नाही, काही नाही. पण काम सगळं तुमच्या जुन्यासारखं करणार."

मालोजीरावांनी पडद्यावरच्या बैलांना बोट लावून बघितलं. "म्हंजी ह्या काळ्याच्या अंगात आपला जुना येतो, आसंच ना?"

धम्मरत्न हसला. "तसंच समजा काका."

"मंग बरं हाय. सकाळी अंगात येतो आन संध्याकाळी उतरतो."

गाळ्यात त्याला आतला म्हणायला लागले. आणि माझी रवानगी फळीवर झाली, माझ्या चौकोनी पडद्यासकट.

आता मला सांगा, हेवा करायचा तरी कोणाचा? सख्खा भाऊ असता तर वाटणी मागितली असती. परका असता तर नावं ठेवली असती. हा तर मीच होतो. माझेच बैल, माझीच ड्रॉइंगं, माझीच सवय की एखादं मोठं ड्रॉइंग उघडताना एक क्षण अडखळायचं. फक्त त्याला धूळ लागत नव्हती आणि म्हातारपण येत नव्हतं. तनुजा रोज सकाळी काळा चालू करायची, एका खिडकीवर टिचकी मारायची आणि आतला जागा व्हायचा. मी वरून बघायचो. पडदा तिरका दिसतो फळीवरून, पण दिसतो. ती त्याच्याशी बोलताना तोच शब्द वापरायची. "चल रे बाळा, उघड." हा बाळा माझा होता हो! तिची जेवणाची पिशवी आता खुंटीवर असायची, कारण काळ्याला ऊबच नाही. थंड भाजी खाताना तिला माझी आठवण येते का, हे मी दोन वर्षं बारकाईने बघितलं. एकदाही आली नाही.

असो. यंदाच्या खंडेनवमीचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथून सुरू होते.

आमच्या ह्या पट्ट्यात खंडेनवमीला प्रत्येक गाळ्यात यंत्रं धुतात, पुसतात आणि पुजतात. त्या दिवशी मेन स्विच खाली. वायरकट मशीन चालवणारा नवनाथ, बीडकडचा, हाताचा कष्टाळू आणि तोंडाचा गोड, सकाळपासून कॉम्प्रेसरची हवेची नळी घेऊन फिरत होता. टाकी भरून ठेवलेली, वीज नसली तरी हवा मारता येते. यंत्राच्या फटीत हवा मारली की सगळी कचकच बाहेर. वायरकटला मारली, ड्रिलला मारली, पंख्याला मारली, आणि मग त्याने काळ्याच्या बाजूचं झाकण काढलं.

"नवनाथ, आरं त्याला कशापायी?" मालोजीराव म्हणाले.

"यंत्रच हाय की शेठ. वर्षाचा सण, त्यानं काय पाप केलं?" असं म्हणत नवनाथने नळीचं तोंड आत खुपसलं आणि असली हवा सोडली की धुळीचा लोट माझ्यापर्यंत आला. आतून टिक करून काहीतरी वाजलं. ते कोणाच्या कानावर गेलं नाही. माझ्या गेलं. पण मला कोण विचारतंय?

झाकण लागलं. काळ्याला झेंडूची माळ पडली, पुढे नारळ फुटला. वायरकटला माळ, ड्रिलला माळ, वजनकाट्यालासुद्धा माळ. मला नाही. सुभद्राबाईंनी ताट उचलताना फळीकडे बघितलं. "ह्याला न्हाई का लावायचं? ह्यानं भाकरी दिली आपल्याला," म्हणत त्यांनी पिशवीवरूनच मला बोट टेकवलं. पिशवीला कुंकू लागलं, मला नाही. पण आठवण काढली, तेवढंही खूप झालं.

दुसऱ्या दिवशी दसरा, गाळा बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे हजर. आणि त्या दिवशी काम होतं चाकणच्याच दुसऱ्या एका कंपनीचं, आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचं.

ते काम काय, हे जरा समजून घ्या, म्हणजे त्या दिवशी गाळ्यात कोणाचा जीव कुठे अडकला होता ते कळेल. एक जाड पोलादी प्लेट, कडक करून आलेली, दुसरी तशी मिळायला आठवडा लागतो. तिच्यात चौदा भोकं वेगवेगळ्या आकारांची कापायची होती. कापायला सहा तास. संध्याकाळी आठला टेम्पो येणार आणि प्लेट चाकणला जाणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे साचा बसवून बघायचा होता. कंपनीच्या साहेबाने फोनवर बजावलेलं होतं, "ह्यावेळी उशीर झाला तर पुढची कामं शेजारच्या गाळ्याला देईन." म्हणजे उशिरात उशिरा दुपारी दीडपर्यंत तार चालू व्हायला हवी.

तनुजाने काळा चालू केला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत कसलीशी तक्रार आली. घाईत तिने शेवटच्या ओळीत जे बटण दाबायला सांगितलं होतं तेवढंच वाचलं आणि दाबलं. काळा उघडला. तिने आतल्याच्या खिडकीवर टिचकी मारली.

आतला उठला नाही.

परत टिचकी. एक चौकट आली, इंग्रजीत चार ओळी, खाली आकड्या-अक्षरांची लांबलचक रांग. चौकट बंद केली, परत टिचकी, परत तीच चौकट.

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात उकळ्या फुटल्या.

"काय झालं गं?" मालोजीराव.

"आतला चालू होत नाहीये काका."

"बंद करून चालू कर."

बंद करून चालू केला. तीन वेळा. मग नवनाथ म्हणाला, माळेचा ओलावा लागला असेल, म्हणून माळ काढली. मग सुभद्राबाई दसऱ्याची राहिलेली जिलबी घेऊन आल्या होत्या त्या म्हणाल्या, "परवा समोरचा गाळावाला ह्याच्याकडे टक लावून बघत हुता, मी तवाच म्हनलं." त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. काळा होता तसाच गप्प.

तनुजाने धम्मरत्नला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की त्यांच्या कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो, जेवणाच्या सुट्टीत साडेबाराला हातात मिळतो. घड्याळात तेव्हा पावणेदहा.

"त्यो आतला बिघडला आसंल तर काढून टाक आन नवा घाल की," मालोजीराव म्हणाले. "इथं बघ, काढून टाका आसं बटण दिसतंय मला."

काढ, मी मनात म्हटलं. काढ पोरी, दाब ते बटण.

"नाही काका!" तनुजा जवळजवळ ओरडलीच. "ते दाबलं की तो गेला. दोन वर्षांची सगळी ड्रॉइंगं त्याच्या पोटात आहेत. चाकणचं पण."

"दुसरीकडं कुठं ठेवली न्हाईस?"

तनुजा खाली बघायला लागली. "नाही. रोज ठरवायचे आणि राहून जायचं."

मालोजीराव रागावले नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं, ते स्टूल ओढून घड्याळाकडे बघत बसले. तनुजाचे डोळे भरले. नवा कॉम्प्युटर घ्या असं तीच म्हणाली होती, ही व्यवस्था तिनेच करून घेतली होती, आणि काम गेलं तर नाव तिच्यावरच येणार होतं. ते ती बोलली नाही, पण नोकरी करता करता दिलेल्या पदवीच्या परीक्षेची पहिली गुणपत्रिका तिने माझ्यावर उघडली होती तेव्हाही तिचा चेहरा मी बघितलेला आहे. मला कळतं.

आणि मग मालोजीरावांची नजर वर आली. "आरं, ह्यो हाय की आपला!"

देवाशपथ सांगतो, चालू नसतानाही माझा पंखा फिरल्यासारखा झाला.

नवनाथने मला फळीवरून उतरवलं. पिशवी काढली. तनुजाने स्वतःच्या ओढणीने माझी धूळ पुसली. मला टेबलावर ठेवलं, काळ्याला अंग चोरून बाजूला सरकावं लागलं. माझा चौकोनी पडदा त्याच्या रुंद पडद्याशेजारी. वायर लागली, बटण दाबलं. मी खोकलो, खरखरलो, दोन मिनिटं घेतली, आणि बैलजोडी उघडली.

"आयला, चालतोय राव!" नवनाथने टाळी वाजवली.

"जुनं ते सोनं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"चल रे बाळा," तनुजा म्हणाली. मला! दोन वर्षांनी! मी असा पळालो, असा पळालो की प्रोग्राम एका दमात उघडला. चाकणच्या प्लेटचं ड्रॉइंग शोधलं तर तेही माझ्याकडे होतं, कारण ही प्लेट आम्ही तीन वर्षांपूर्वीही एकदा कापलेली होती.

"हेच ना त्ये?" मालोजीराव पडद्याजवळ वाकले. "चौदा भोकं. ब्येस. नवनाथ, लाव प्लेट."

नवनाथ प्लेट उचलायला गेला.

आता जे सांगतो ते सांगताना मला लाज वाटते. मला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात कंपनीच्या साहेबाचा फोन आला होता, तनुजाने स्पीकरवर ठेवला होता, आणि तो सांगत होता की पाच भोकं सरकवली आहेत, नवीन ड्रॉइंग पाठवतोय. ते नवीन ड्रॉइंग आतल्याच्या पोटात होतं. माझ्याकडचं जुनं. ते कापलं असतं तर प्लेट भंगारात. सगळं ऐकणारा मी, हे विसरलो असेन का? नाही विसरलो. पण इतक्या दिवसांनी टेबलावर बसलो होतो, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी ते जुनं ड्रॉइंग छाती फुगवून दाखवत राहिलो. मला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी त्या घडीला बोललो असतो, असं छातीठोक सांगवत नाही.

तार ओवून झाली. नवनाथने प्लेट कसली.

"थांबा," तनुजा म्हणाली. "एक मिनिट थांबा नवनाथदादा. हे ड्रॉइंग कधीचं आहे बघू दे."

तिने फाइलची तारीख बघितली. तीन वर्षांपूर्वीची. मग ती आजची तारीख ताडून बघायला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात वळली. तिथे तीन ऑक्टोबर. वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. दोन वर्षं फळीवर बसून मी दिवस मोजायला चुकलो नव्हतो.

"काका, हे जुनं आहे. ह्याच्यात पाच भोकं चुकीच्या जागी आहेत. हे नाही कापायचं."

"मंग नवं काढ ह्याच्यावर."

"दीड दिवस लागेल."

नवनाथने प्लेट परत काढून ठेवली. तनुजा खुर्चीत तशीच बसून राहिली आणि दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. माझ्याकडे, काळ्याकडे. परत माझ्याकडे. मग ती हळूच पुढे वाकली.

"काका, ह्याच्यावर तीन ऑक्टोबर आहे. आणि हा," तिने काळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, "हा म्हणतोय एक जानेवारी. तेही पाच वर्षांपूर्वीची."

"मंग?"

"मग काय ते मला माहीत नाही. पण हा काहीतरी विसरलाय."

बघा कसं असतं. दोन वर्षं ज्या तारखेचा मला अभिमान, ती मी दाखवायला गेलो आणि तिनेच माझा घात केला.

साडेबाराला धम्मरत्नचा फोन आला. मागे कँटीनचा कलकलाट. तनुजाने आधी चौकटीतल्या चारही ओळी त्याला वाचून दाखवल्या, मग तारखेचं सांगितलं.

"ताई, झालं, सापडलं!" तो म्हणाला. "कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. लाईट नसली तरी त्याच्यावर तो तारीख आणि आतली सेटिंगं लक्षात ठेवतो. तो सेल गेलाय. वर तुमचं दोन दिवस मेन स्विच बंद. म्हणजे हा सगळं विसरला. आतल्याला चालू होऊ द्यायची परवानगी मी तिथेच देऊन ठेवली होती, तीपण विसरला. आतल्याला काहीएक झालेलं नाही. ठणठणीत आहे तो."

ठणठणीत आहे म्हणे. असणारच.

"झाकण काढून सेल बघा आधी," धम्मरत्न म्हणाला. "नुसती परवानगी देऊन भागणार नाही. परत लाईट गेली की परत हेच."

झाकण काढलं. सेलची जागा रिकामी.

सगळ्यांनी एकदम नवनाथकडे बघितलं. नवनाथने हवेच्या नळीकडे बघितलं.

"मी काय मुद्दाम केलं का? सणाला आंघोळ घातली फक्त."

"आंघोळ घातली आन कवळी वाहून ग्येली त्याची," मालोजीराव म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा गाळ्यात कोणीतरी हसलं.

नवनाथ दांड्याचं लोहचुंबक घेऊन जमिनीवर, मशीनखाली, कोपऱ्यात सगळीकडे फिरला. चार स्क्रू आणि एक स्प्रिंग मिळाली. नवमीला झाडलेला कचरा परवाच भंगाराच्या गाडीत गेला होता. घड्याळात पाऊण वाजलेला. दुकान चौकात, जेवणाच्या वेळी उघडं असेल-नसेल, जाऊन येण्यात अर्धा-पाऊण तास.

फोनवर धम्मरत्न म्हणाला, "ताई, जुन्यात बघा. तोच सेल असतो. मीच दोन वर्षांपूर्वी त्याला नवा घातला होता, तुमचं सगळं उतरवून घ्यायच्या आधी."

तनुजाने माझ्याकडे बघितलं. लगेच हात पुढे केला नाही, हे मी सांगून ठेवतो. "ह्याचं काय होईल मग?" तिने विचारलं.

"काही नाही. तारीख विसरेल. चालू करताना हाताने सांगावी लागेल."

तिने मला रीतसर बंद केलं. झाकण काढलं. तिची बोटं आत आली, कुठेशी एक चाप दाबला गेला आणि सेल बाहेर आला. दुखलं वगैरे काही नाही. एखाद्याने हातातलं घड्याळ काढून घ्यावं तसं वाटलं.

सेल काळ्यात बसला. धम्मरत्न फोनवर सांगत गेला, ती निळ्या पडद्यावर खाली-वर जात राहिली, एका ओळीवर बंद होतं ते चालू केलं. तारीख घातली. काळा उघडला. तिने आतल्याच्या खिडकीवर टिचकी मारली.

बैलजोडी आली.

मालोजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. सुभद्राबाईंनी सगळ्यांना जिलबी वाटली, नवनाथला दोन जास्त. सव्वाला तार चालू झाली, साडेसातला प्लेट निघाली, आठच्या टेम्पोत गेली. चाकणच्या साहेबाचा दुसऱ्या दिवशी फोन आला. भोकं बसली, पुढचं कामही ह्याच गाळ्याला.

आता माझी आजची स्थिती ऐका. मी परत फळीवरच आहे. माझा जीव आधीच आतल्यात गेला होता, आता माझा सेलही काळ्याच्या छातीत आहे. इतकं असूनही माझा हेवा गेला असेल असं वाटत असेल तर तुम्ही भोळे आहात. सकाळी त्या खिडकीवर टिचकी वाजली की मला अजून झोंबतं.

पण एक गोष्ट बदलली. त्या दिवसाचा तनुजाने चांगला धसका घेतला. आता दर शनिवारी जेवण झाल्यावर ती मला खाली उतरवते आणि आतल्याच्या पोटातली आठवड्याची सगळी ड्रॉइंगं माझ्यात आणून ठेवते. म्हणजे पाहुण्याचं गाठोडं सांभाळायला मी. चालेल. सांभाळतो. उघडून बघतोही, नाही कशाला म्हणू. पाच भोकं सरकवलेली ती प्लेटही आता माझ्याकडे आहे.

आणि मी चालू झालो की मला काही आठवत नाही. कुठला महिना, कुठला वार, किती वाजले, काही नाही. मी थांबतो आणि विचारतो. काळ्याला काही विचारावं लागत नाही, तो आपला गप्प सुरू होतो. मी विचारतो म्हणून तनुजाला खुर्ची ओढून माझ्यासमोर बसावं लागतं. ती तारीख घालते, वेळ घालते, आणि घालता घालता पुटपुटते, "शनिवार आहे रे बाळा. आज आठ तारीख." कधी मावशीच्या गुडघ्याचंही सांगते.

मालोजीराव मधूनमधून म्हणतात, "आगं, तीस रुपड्यांचा तर सेल. ह्या बिचाऱ्यालाबी एक आणून घाल." तनुजा म्हणते, "आणते काका," आणि विसरते.

तुम्ही चौकातून येत असाल आणि दुकानात तो नाण्याएवढा सेल दिसला, तर कृपा करून माझ्यासाठी घेऊ नका. आणि तिला आठवणही करू नका.